उलटं भिंग

आधी कडी.
मग कडीचे स्क्रू: चारातले तीन आहेत,
चौथ्याच्या जागी आगकाडी.
बॅग अजून खांद्यावरच. तपासणी होईपर्यंत
मी ती जमिनीवर ठेवत नाही, गादीवर तर नाहीच.
अकरा वर्षांच्या फिरतीत ढेकूण एकदाच घरी नेले,
तेवढे पुरले.

म्हापसा. गुरुवारची रात्र.
खाली उद्याच्या बाजारासाठी मयड्याची केळी उतरतायत,
कुणीतरी कुणाला कोकणीत शिव्या देतंय, प्रेमानंच.
काउंटरवर इनास म्हणाला होता, "रूम एकदम नितळ, मॅडम."
नितळ म्हणजे त्यांच्याकडे स्वच्छ.
आमच्याकडे नितळ फक्त पाणी असतं,
आणि तेसुद्धा तळ दिसला तरच.

म्हणून तळ बघते.
गादीची शिवण नखानं उलगडली. काही नाही.
उशीला खोबरेल तेलाचा वास, कुणाच्या तरी.
पलंगाखाली टॉर्च मारला: चपलेचा तुटका अंगठा,
चॉकलेटचा चुरगळलेला कागद.
दिवा मालवून मोबाइलचा कॅमेरा फिरवला
धूर ओळखणाऱ्या डबीवर, टीव्हीखालच्या लाल ठिपक्यावर.
आरशाला नख टेकवलं;
नख आणि आतलं नख यांच्यात फट आहे. बरं.
(हे कुणी शिकवलं? सोलापूरच्या एका लॉजनं.
त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

आणीबाणीचं दार उघडतं,
पण जिन्यावर फेणीच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट.
आग लागली तर आधी त्यांना
सरका म्हणावं लागेल.

शेवटी दारावरचं भिंग.
त्यावर आतून चिकटलेली टिकली,
मरून, कडेनं उचकटलेली, धूळ धरलेली.
शी, म्हटलं, आधीच्या बाईची घाण.
खरवडायला लागले, तेवढ्यात
टॉवेल घेऊन यल्लव्वा आली.
"अक्का, ते काढू नका."

तिनं मला बाहेर व्हरांड्यात उभं केलं,
आत जाऊन टिकली अलगद सोडवली,
दार लावून घेतलं. "आता बघा."
एक डोळा मिटून बघितलं:
पलंग, पंखा, उलगडलेली शिवण,
न्हाणीचं अर्धं दार,
टॉवेल धरून उभी यल्लव्वा,
सगळं गोल, लख्ख, हातात मावेल एवढं.

"सुतारानं बसवतानाच उलटं बसवलं.
मालक म्हणतो, दिसतंय ना काहीतरी?"
गदगकडची बाई. सात वर्षं झाली,
टिकल्यांचं पाकीट कमरेला खोचून फिरते
या मजल्यावरच्या दारांसाठी.
स्वतःचं कपाळ मोकळं.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
"रोज कुणीतरी काढतंच. घाण म्हणून.
बायकाच जास्ती."

माझ्या नखाखाली मरून चुरा होता.

मी दातांच्या डॉक्टरांना सिमेंट विकते.
सॅम्पलची पेटी उघडली. एक चमचा पूड, दोन थेंब,
काचेच्या तुकड्यावर कालवलं, लोण्यासारखं होईस्तोवर,
आणि किडक्या दाढेत भरतात तसं
दाबून भरलं त्या डोळ्यात.
"चार मिनिटं हात लावायचा नाही," म्हटलं.
दोघी दाराकडे बघत थांबलो.
खाली केळ्यांचा ट्रक रिव्हर्स घेत होता.
तिनं बोटानं टिचकी मारून बघितली,
मग वर नवी टिकली लावलीच. सवय.

"दोनशे पाच पण तसंच हाय," जरा वेळानं म्हणाली.
"सात पण. नऊ पण."
पेटीत पूड किती उरली ते मी बघितलं.

कंपनीच्या फॉर्मवर रात्री लिहिलं:
वापरलेले नमुने, चार. गाव, म्हापसा.
डॉक्टरचं नाव या रकान्यात
यल्लव्वा.

तरी झोपताना खुर्ची दाराला टेकवलीच.
तीन स्क्रू, एक आगकाडी.
तिच्यावर माझं सिमेंट धरत नाही.